पुढचा भाग आहे का, आपा?

अब्बांच्या इंतकालला वर्ष उलटून गेले तरी त्यांची लोखंडी पेटी आम्ही उघडली नव्हती. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी अंबाजोगाईला गेले तेव्हा भाभी म्हणाली, “बाजी, पावसाळ्याच्या आत ही खोली रिकामी करायची आहे. पेटीतली पुस्तकं तुम्ही एकदा बघून घ्या. नको असतील ती रद्दीत देऊ.”

भाभीचे काही चुकत नव्हते. घर लहान, मुले मोठी होत चाललेली. तिची मुले मराठी शाळेत, माझी मुलगी सेमी इंग्रजीत. पेटीतली पुस्तके बहुतेक उर्दू. मुलांना कुरआन शरीफ नाजरा वाचता येते, पण उर्दू कादंबरीचे पान समोर धरले की एकेक अक्षर लावत बसतात. आज आपल्या किती घरांत हेच चित्र आहे, ते वाचक जाणतात.

मी म्हटले, रद्दीत द्यायचे तर निदान काय देतो आहोत ते तरी लिहून ठेवू. माझ्या नववीतल्या मुलीने एक जुनी वही घेतली, रकाने आखले: अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक. मी नाव वाचायचे आणि तिने मराठीत लिहायचे. दहा-बारा पुस्तके झाल्यावर ती थांबली.

“अम्मी, या सगळ्यांवर तू ‘जासूसी दुनिया’च सांगते आहेस. मग ही एकच गोष्ट आहे की वेगवेगळ्या? सगळ्यांना मिळून एक नंबर देऊ की प्रत्येकाला वेगळा?”

वीस-बावीस वर्षे मी उर्दू आणि मराठी शिकवते आहे. तरी मला पटकन उत्तर देता आले नाही. आणि खरे सांगायचे तर असाच प्रश्न मला काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका मुलीनेही विचारला होता. तेव्हा मी पटकन उत्तर दिले होते आणि ते चुकीचे होते. ती गोष्ट पुढे सांगतेच. आधी मुलीच्या वहीतल्या नंबरांचा हिशेब लावू.

तीन प्रश्न

एका लेखकाच्या दोन-चार कादंबऱ्या एकमेकींशी नाते सांगतात तेव्हा त्या घोळक्याला काय म्हणायचे? भाग, खंड, मालिका, माला, त्रयी, चतुष्टय असे कितीतरी शब्द मराठीत आहेत. उर्दूत जिल्द, हिस्सा, दफ्तर, सिलसिला आहेत. इंग्रजीतून आलेले सीरीज, ट्रिलजी, सीक्वेल, सागा हे शब्द तर आता मुलांच्या तोंडी आहेत. आपण हे सगळे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण नात्यांचे जसे असते तसेच हे आहे. मावसभाऊ, चुलतभाऊ आणि दूधभाऊ हे तिघेही भाऊच. पण प्रत्येकाशी नाते वेगळे आणि त्याचे नियमही वेगळे.

पेटीपुढे बसून आम्ही मायलेकींनी तीन प्रश्न ठरवले. पहिला, हे एकच पुस्तक वाचले तर गोष्ट पुरी होते का? दुसरा, पुस्तके ठरावीक क्रमानेच वाचावी लागतात का? तिसरा, एकूण किती पुस्तके हे लेखकाने आधीच ठरवले आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की नाव आपोआप सापडते.

एकच गोष्ट, अनेक जिल्दा

सगळ्यात सोपे नाते खंडांचे. कादंबरी एकच असते, पण ती एका पुठ्ठ्यात मावत नाही. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही १९८७ सालची कादंबरी दोन खंडांत आहे. उर्दूत रतननाथ सरशार यांचा ‘फसाना-ए-आजाद’ आधी लखनौच्या ‘अवध अखबार’मध्ये तुकड्यातुकड्यांनी छापून आला आणि मग त्याच्या चार भल्यामोठ्या जिल्दा झाल्या. यातली दुसरी जिल्द एकटी वाचणे म्हणजे लग्नाला वलीम्याच्या दिवशी जाऊन वर-वधूचे नाव विचारण्यासारखे आहे. अशा पुस्तकांना आम्ही वहीत एकच नंबर दिला आणि पुढे ‘१’, ‘२’ लिहिले. वाचायला द्यायची तर सगळी द्यायची, रद्दीत एकही जाऊ द्यायची नाही. एक खंड गेला की उरलेले खंड पांगळे होतात.

सिलसिला, सीरीज, मालिका

आता ‘जासूसी दुनिया’कडे येऊ. इब्ने सफी यांचे खरे नाव असरार अहमद. जन्म १९२८, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. मार्च १९५२ मध्ये अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’चे पहिले पुस्तक ‘दिलेर मुजरिम’ निघाले. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, पण त्यांची पुस्तके सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना छापली जात राहिली. १९५५ पासून ‘इमरान सीरीज’ सुरू झाली. १९८० मध्ये त्यांचा इंतकाल झाला तोवर ‘जासूसी दुनिया’ची १२५ आणि ‘इमरान सीरीज’ची १२० पुस्तके झाली होती.

अब्बा सांगायचे, नवा अंक आला की गावात भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानासमोर पोरे उभी असत. एक रात्र ठेवायचे, सकाळी परत करायचे. आमचे शेजारी काका हीच पुस्तके हिंदीतून वाचत. हिंदी आवृत्तीत कर्नल फरीदीचा कर्नल विनोद केलेला होता आणि इमरानचा राजेश. अब्बा आणि काका ओट्यावर बसून भांडत, “तुमच्या विनोदने आमच्या फरीदीची नक्कल केली!” दोघेही एकच पुस्तक वाचत आहेत हे त्यांना ठाऊक असायचे, पण भांडणातली मजा कोण सोडणार?

ही झाली मालिका. नायक तोच, त्याचा साथीदार तोच, स्वभाव तेच. पण गुन्हा दरवेळी नवा आणि शेवटच्या पानावर गुन्हेगार हाती लागतो. इब्ने सफींच्या काही गोष्टी दोन-तीन पुस्तकांत पसरलेल्या आहेत, पण एरवी कुठलेही पुस्तक उचला आणि वाचा. किती पुस्तके होणार हे लेखकाने ठरवलेले नसते. तो लिहील तोवर आणि लोक वाचतील तोवर मालिका चालते. मराठीत बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड असेच घराघरांत पोचले. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी लिहिलेला फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे, हाही मालिकेचाच नायक. मुलीला म्हटले, “प्रत्येकाला वेगळा नंबर दे. यातली चार वाळवीने खाल्ली तरी पाचवे वाचता येईल.”

इथे एक सावधगिरी. ‘हॅरी पॉटर’लाही सगळे सीरीजच म्हणतात; पण त्याची सात पुस्तके म्हणजे शाळेच्या एकेका वर्षाची चढती पायरी आहे. चौथे आधी वाचले तर पहिल्याची मजा जाते. म्हणजे सीरीज दोन प्रकारची: एक मोकळी, दुसरी क्रमाची. मुलांना भेट देताना दुकानात जे हाताला लागेल ते उचलू नये, पाठीवरचा आकडा बघावा.

माला: विषयाचा एकच दोरा

माला हा शब्द मालिकेसारखाच दिसतो, पण जुन्या मराठीत त्याला जरा वेगळे वजन आहे. मालेत नायक बदलला तरी चालतो. दोरा असतो तो विषयाचा किंवा काळाचा. ह. ना. आपटे यांनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना ‘आजकालच्या गोष्टी’ असे एकच डोक्यावरचे नाव दिले होते. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे नाथमाधव, शिकारीला गेले असता सिंहगडावरून पडून कमरेखाली अधू झाले आणि त्यानंतर लेखक झाले. शिवकाळावरची त्यांची ‘स्वराज्यमाला’ ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून सुरू होते. गो. नी. दांडेकरांच्या ‘बया दार उघड’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ अशा पाच कादंबऱ्या मिळून ‘कादंबरीमय शिवकाल’ या नावाने ओळखल्या जातात. त्यांतली प्रत्येक आपापली पुरी आहे, पण ओळीने वाचली तर अख्खा काळ डोळ्यांसमोर उभा राहतो.

त्रयी, चतुष्टय आणि आपली रुबाई

यापुढचे शब्द मोजून-मापून केलेले आहेत. तीन कादंबऱ्यांची त्रयी किंवा ट्रिलजी. हा शब्द मूळचा ग्रीक, आणि तोही कादंबरीचा नव्हे तर नाटकाचा. अथेन्सच्या उत्सवात एकेक नाटककार तीन शोकनाटके ओळीने सादर करी, ती ट्रिलजी. त्यांच्यामागून एक हलकेफुलके नाटक येई, ते धरून चारांची टेट्रॉलजी. यातल्या चार या आकड्यासाठी मराठीत चतुष्टय हा शब्द चांगला रुजला तो भालचंद्र नेमाड्यांमुळे. ‘बिढार’ आणि ‘हूल’ १९७५ मध्ये, ‘जरीला’ १९७७ मध्ये आणि ‘झूल’ १९७९ मध्ये आली. चारही कादंबऱ्यांत चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक एका गावातून दुसऱ्या गावात, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात फिरत राहतो. याला वाचक ‘चांगदेव चतुष्टय’ म्हणतात. २०१० मध्ये आलेली त्यांची ‘हिंदू’ हीसुद्धा चारांच्या योजनेतली पहिली म्हणूनच आली.

बिढार म्हणजे पाठीवर घेऊन हिंडायचे बिऱ्हाड. आमच्या बीड जिल्ह्यात या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरे घालून साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. त्या ट्रॅक्टरवर शाळेची मुलेही असतात.

अरबीत याच मोजणीचे शब्द फार सुंदर आहेत. तीन कादंबऱ्यांची ‘सुलासिया’, चारांची ‘रुबाइया’, पाचांची ‘खुमासिया’. चार ओळींच्या कवितेला आपण रुबाई म्हणतो, तिचेच हे भावंड. इजिप्तचे नजीब महफूज यांची कैरोची सुलासिया जगभर वाचली जाते. ‘बैनुल कसरैन’ १९५६ मध्ये, ‘कसरुश शौक’ आणि ‘अस-सुक्करिया’ १९५७ मध्ये आल्या. तिन्ही नावे जुन्या कैरोतल्या गल्ल्यांची, आणि गोष्ट एका मुस्लिम कुटुंबाच्या तीन पिढ्यांची: कडक शिस्तीचा बाप, खिडकीच्या जाळीआडून रस्ता बघणारी आई, मग मुले, मग नातवंडे. महफूज यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले. गंमत अशी की त्यांनी ती एकच लांबलचक कादंबरी म्हणून लिहिली होती. आकार बघून प्रकाशक कचरला आणि ती तीन भागांत निघाली. म्हणजे कधी कधी नाव लेखक देत नाही, बाइंडर देतो!

आपल्या घराघरांतली माणसे सौदी, दुबई, कुवेतला कामाला आहेत. तेल सापडल्यावर तिकडच्या वाळवंटातल्या माणसांचे काय झाले ते अब्दुर्रहमान मुनीफ यांनी ‘मुदुनुल मिल्ह’, म्हणजे मिठाची शहरे, या पाच कादंबऱ्यांत लिहिले. १९८४ ते १९८९ या काळात त्या आल्या. ही झाली खुमासिया.

आणि हे काही नवे खूळ नाही. बाराव्या शतकात निजामी गंजवी यांच्या पाच फारसी मसनव्या ‘खम्सा’ म्हणून एकत्र बांधल्या गेल्या. त्यात ‘लैला-मजनूं’ही आहे. शंभरेक वर्षांनी आपल्या अमीर खुसरो यांनी त्याला जवाब म्हणून स्वतःचा खम्सा लिहिला. पाच स्वतंत्र गोष्टी, पण पाचही मिळून एक पुस्तक, ही कल्पना आपल्या वडीलधाऱ्यांना आठशे वर्षांपासून माहीत आहे. त्रयी-चतुष्टयाचे उत्तर असे: एकटे वाचले तर चालते, पण संख्या ठरलेली असते, आणि सगळी वाचली तर एकेकीत न दिसलेले काहीतरी दिसते.

घराण्याची गोष्ट

काही वेळा पुस्तके किती, हा प्रश्न महत्त्वाचा नसतो. पिढ्या किती, हा असतो. आजोबा, बाप, मुलगा अशी गोष्ट चालत राहते. इंग्रजीत तिला सागा म्हणतात. हा शब्द आइसलँडच्या जुन्या घराण्यांच्या कथांचा. फ्रेंच लोक लांबच लांब वाहत जाणाऱ्या कादंबरीला नदी-कादंबरी म्हणतात. रोमां रोलां यांची दहा भागांची ‘ज्याँ क्रिस्तोफ’ त्या जातीची. मराठीत कुलवृत्तांत हा शब्द घराण्यांच्या वंशावळींसाठी होताच. रंगनाथ पठारे यांनी २०१९ मध्ये ‘सातपाटील कुलवृत्तांत’ लिहून तो कादंबरीच्या कपाळावर लावला. उर्दूत कुर्रतुलऐन हैदर यांनी ‘कार-ए-जहाँ दराज है’मध्ये स्वतःच्या खानदानाची शेकडो वर्षांची कहाणी तीन जिल्दांत सांगितली. बघा, सागा एका पुठ्ठ्यातही असू शकते आणि तीन पुठ्ठ्यांतही. हे नाव आकाराचे नाही, मजकुराचे आहे.

मागचा भाग, पुढचा भाग

आता राहिले सीक्वेल आणि प्रीक्वेल. सीक्वेल म्हणजे उत्तरकथा, पुढचा भाग. प्रीक्वेल म्हणजे पूर्वकथा. लिहिलेली किंवा छापलेली नंतर, पण घडलेली आधी. दास्तान-ए-अमीर हमजाचे असेच झाले. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने या दास्तानीच्या ४६ जिल्दा काढल्या. तिचे आठ दफ्तर मानतात. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ त्यातला पाचवा दफ्तर. पण लोकांना तोच सर्वांत प्रिय, म्हणून १८८३ पासून आधी तो छापला गेला आणि पहिला दफ्तर ‘नौशेरवाननामा’ त्याच्यानंतर.

आपल्या ‘कादंबरी’ या शब्दाच्या पोटातच एक उत्तरार्ध दडलेला आहे. बाणभट्टाची संस्कृत ‘कादंबरी’ त्याच्या हयातीत पुरी झाली नाही. राहिलेला भाग त्याच्या मुलाने लिहिला. बापाचा पूर्वभाग, मुलाचा उत्तरभाग. ज्या पुस्तकावरून मराठीने या साहित्यप्रकाराला नाव दिले ते पुस्तकच दोन पिढ्यांनी मिळून पुरे केलेले आहे.

पुढचा भाग आहे हे ठाऊक नसल्यामुळे किती गोष्टी अर्ध्या राहतात! ‘श्यामची आई’ महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत आहे. उर्दू शाळेतल्या मुलांनीही ती ऐकलेली असते. पण ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’ आणि ‘श्यामचा जीवनविकास’ ही साने गुरुजींचीच पुस्तके त्याच श्यामच्या शिक्षणाची आणि घडण्याची आहेत, हे सांगितले की मुले चकित होतात. नसीम हिजाजी यांची ‘मुअज्जम अली’ आमच्या पेटीत होती. तिच्या पुढची ‘और तलवार टूट गई’ नव्हती. अब्बांनी ती कुठेतरी वाचायला दिली असणार आणि घेणाऱ्याला ती दुसऱ्या पुस्तकाची जोडीदार आहे हे कळले नसणार.

आणि आता त्या मुलीची गोष्ट.

आठ वर्षे झाली. ती आठवीत होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. आमच्या शाळेत अशी मुले थोडी, पण असतात. वाचनाची तिला भारी हौस. शाळेच्या कपाटातून मी तिला डिप्टी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ दिली. १८६९ सालची ही कादंबरी त्यांनी मुळात आपल्या मुलींना वाचायला म्हणून लिहिली होती आणि सरकारने तिला हजार रुपयांचे इनाम दिले होते. अकबरी आणि असगरी या दोन बहिणी. अकबरी आळशी, हट्टी; असगरी समजूतदार. सासरी गेल्यावर असगरी घर सावरते आणि घरातच मुलींचा एक मकतब सुरू करते. हुस्न आरा नावाची श्रीमंत घरची लाडावलेली मुलगी तिथे शिकायला येते.

चार दिवसांत पुस्तक वाचून ती परत आली. म्हणाली, “आपा, उस मकतब में क्या पढ़ाते थे? इसका अगला हिस्सा है क्या?”

मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटले, “नाही बेटा, गोष्ट संपली. असगरीचं घर चांगलं झालं, बस्स.”

दिवाळीनंतर ती टोळीबरोबर गेली. उन्हाळ्यात टोळी परतली, पण ती शाळेत आली नाही. कारखान्यावरून आल्याबरोबर तिचे लग्न लावून दिले, असे तिच्या वर्गातल्या मुलींनी सांगितले. पंधरावे वर्ष चालू होते. आम्ही शिक्षक चुकचुकलो, पटावरचे नाव कमी झाले.

पेटीच्या तळाशी दादांच्या वेळचे एक जाड पुस्तक निघाले. अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत तेव्हाचे, दादा निजामाच्या अमलात उर्दूत शिकले त्या काळातले. कापडी पुठ्ठा, पाठीवर शाईने काहीच लिहिलेले नाही. उघडले तर ‘मिरातुल उरूस’. मधोमध पाने उलटताना नवे शीर्षक लागले: ‘बनातुन नअ्श’. दादांनी किंवा त्यांच्या बाइंडरने दोन पुस्तके एकत्र शिवली होती.

‘बनातुन नअ्श’ १८७२ सालची. मी नाव ऐकले होते. बीएडच्या आधी कधीतरी परीक्षेपुरते पाठही केले होते. पण वाचली नव्हती. ती त्याच असगरीच्या मकतबची गोष्ट आहे. हुस्न आरा तिथे काय शिकते, कशी बदलते, हेच त्या पुस्तकात आहे. हिशेब, भूगोल, इतिहास, हवा-पाण्याचे शास्त्र, दूरदूरच्या मुलखांतली माणसे. नजीर अहमद यांनी ती पहिल्या पुस्तकाचा दुसरा हिस्सा म्हणूनच लिहिली. पहिल्यात घर कसे चालवावे, दुसऱ्यात जग कसे चालते. बनातुन नअ्श म्हणजे आकाशातला तारकासमूह, ज्याला मराठीत आपण सप्तर्षी म्हणतो. अरबी नावात मात्र ते ऋषी नसून मुली आहेत.

त्या मुलीने विचारलेल्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर १८७२ मध्येच लिहून झाले होते. ते आमच्याच घरातल्या पेटीत पडलेले होते, आणि मी तिला सांगितले होते की गोष्ट संपली. घर चांगले झाले, बस्स. एक पुस्तक दिले असते तर तिचे लग्न थांबले असते, असा माझा मुळीच दावा नाही. कारखान्याच्या फडावर एकटी मुलगी सांभाळणे आईबापांना किती अवघड जाते ते मला माहीत आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही, हे तिला माझ्याकडून कळायला हवे होते. शिक्षकाचे काम तेवढे तरी आहे.

घरच्या कपाटासाठी

वाचक भगिनींनो, हे शब्द परीक्षेचे नाहीत. लेखकाने वाचकाशी केलेला तो करार आहे. ‘खंड’ म्हणणारा सांगतो, मला तोडू नका. ‘मालिका’ म्हणणारा सांगतो, कुठूनही या. ‘त्रयी’ म्हणणारा सांगतो, तीनदा या, मग बोलू. ‘पुढचा भाग’ म्हणणारा सांगतो, मी अजून संपलो नाही. ज्या घरात हा करार कुणालाच वाचता येत नाही, तिथे पुस्तके रद्दीच्या भावाने किलोवर जातात. एक खंड इकडे, एक तिकडे.

म्हणून तीन छोटी कामे. एक, घरातल्या प्रत्येक जोडपुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा: हे एकटे आहे की कुणाचे भावंड, आणि आधी कोणते वाचायचे. दोन, उर्दू पुस्तक असेल तर नाव आणि हा तपशील मराठीतही लिहा. आज मुलांना लिपी येत नसेल, उद्या त्यांच्यातले कुणी शिकेल, इन्शाअल्लाह. पण तोवर पुस्तक टिकले पाहिजे. तीन, मुलाने किंवा मुलीने ‘पुढे काय झालं?’ असे विचारले तर हातातले काम बाजूला ठेवून आधी शोधा, मग उत्तर द्या.

आमच्या वहीत शेवटी ब्याण्णव नंबर झाले. दादांच्या त्या जाड पुस्तकापाशी मुलगी पुन्हा अडली होती. पुठ्ठा एक, पुस्तके दोन. तिने विचार करून ‘९२ अ’ आणि ‘९२ ब’ लिहिले आणि शेरा मारला: ‘दोन्ही एकत्रच द्यावीत.’ आता ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून उर्दूचे एक पान वाचते. हळू वाचते, पण वाचते.

त्या विद्यार्थिनीचा पत्ता तिच्या चुलतबहिणीकडून मिळाला. ती आता बावीस-तेवीस वर्षांची आहे, तिची मुलगी अंगणवाडीत जाते. दिवाळीच्या आत, टोळी निघण्यापूर्वी, मी तिच्या गावी जाऊन आले. चहा झाला, इकडचे-तिकडचे बोलणे झाले. मग पिशवीतून पुस्तक काढून म्हटले, “बेटा, तू विचारलं होतंस ना, पुढचा भाग आहे का म्हणून? आहे. मी तेव्हा चुकीचं सांगितलं.”

तिने पुस्तक हातात घेतले, दुपट्ट्याने पुठ्ठ्यावरची धूळ पुसली आणि उभ्या उभ्याच पान उघडले. आमच्या वहीत ९२ अ आणि ९२ ब यांच्यापुढे तिचे नाव आणि तारीख लिहिली आहे. परतीचा रकाना मी मुद्दामच आखला नाही.